हशाबचा डिंक ताणावर येतो, पाण्यावर नाही

प्रश्न सांगोला-आटपाडी पट्ट्यातून आलाय. आठ एकर हलकी मुरमाड जमीन, डाळिंबाची बाग तेल्या रोगाने गेली, ड्रिपच्या नळ्या अजून पडून आहेत, आणि आता एक एजंट म्हणतोय की 'सुदानी डिंकाची बाभूळ' लावा, ड्रिपवर घ्या, तिसऱ्या वर्षापासून झाडामागे २ किलो डिंक, माल आम्हीच उचलू, फक्त रोपांचे पैसे आगाऊ द्या. लावू का?

आधी उत्तर देतो, मग कारणं. आठ एकर लावू नका. ड्रिपवर तर अजिबात लावू नका. बांधाला किंवा जिथे काहीच येत नाही अशा अर्ध्या-एक एकरावर लावायची हौस असेल तर लावा, झाड चांगलंय, पण ते बियांपासून स्वतः तयार करा आणि डिंकाच्या हिशोबावर कर्ज काढू नका. मी डिंकाच्या खरेदी आणि क्वालिटीच्या कामात बरीच वर्षं आहे, न्हावा शेवाला उतरणारा सुदान, चाड, नायजेरियाचा माल तपासतो, सुदानमधल्या युद्धाच्या आधी तिथल्या कोर्डोफान या डिंकाच्या भागात जाऊन झाडावरचं काम पण बघितलंय, त्यामुळे हे जरा सविस्तरच लिहितो कारण या झाडाबद्दल आपल्याकडे फारच चुकीचं विकलं जातंय.

झाड कुठलं ते आधी पक्कं करू. सुदानमध्ये याला हशाब म्हणतात, शास्त्रीय नाव सेनेगालिया सेनेगल, जुन्या पुस्तकात आणि एजंटच्या ब्रोशरमध्ये अकेशिया सेनेगल असेल, दोन्ही एकच, २००५ नंतर अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियाच्या झाडांकडे गेलं आणि आफ्रिकेची झाडं दोन नव्या गटांत विभागली गेली एवढंच. आपली बाभूळ त्यातल्या दुसऱ्या गटात, वाचेलियात. आपला खैर मात्र हशाबच्याच गटातला, सख्खा भाऊ म्हणा. हे सांगायचं कारण काटे. बाभळीला सरळ पांढरे काटे जोडीने येतात आणि फूल पिवळं गोल गोंड्यासारखं. हशाबचे काटे आखूड, आकड्यासारखे वाकलेले, आणि पेरापाशी तीन-तीन असतात, बाजूचे दोन वर वळलेले आणि मधला खाली वळलेला. हा मधला काटाच सदरा पकडतो. फूल पांढरट, लांब तुऱ्यात, वासाचं. शेंग चपटी, कागदासारखी पातळ. उंची फार नाही, दोन ते सहा मीटर, खालपासूनच फांद्या फुटतात, म्हणजे मोठं झुडूपच दिसतं. रोपवाल्याकडे गेलात तर आधी काटे बघा, जोडीने सरळ काटे दिसले तर तो तुम्हाला बाभूळ किंवा तिची आफ्रिकन बहीण तल्हा देतोय. तल्ह्याचा पण डिंक बाजारात येतो पण त्याचा भाव हशाबच्या खाली असतो, त्यावर पुढे बोलतो.

आता हे झाड राहतं कुठे. सेनेगलपासून तांबड्या समुद्रापर्यंत सहाराच्या खालच्या कडेने एक पट्टा आहे, तिथलं हे मूळ झाड, पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतही आहे, आणि इकडे ओमान, पाकिस्तान करत राजस्थान-गुजरातपर्यंत जंगली येतं. राजस्थानात याला कुमट म्हणतात, पंचकुट्याच्या भाजीत केर-सांगरीबरोबर जे चपटं गोल बी असतं ते याचंच. म्हणजे 'सुदानहून आणलेलं दुर्मिळ रोप' वगैरे काही नाही, जोधपूर-बाडमेरकडे बी सहज मिळतं. चांगल्या डिंकाच्या पट्ट्यात पाऊस वर्षाला साधारण ३०० ते ४०० मिलिमीटर, तोही जुलै ते सप्टेंबर एवढाच, मग आठ-नऊ महिने थेंब नाही. जमीन वाळूची. कोर्डोफानमध्ये लोक खातात काय तर बाजरी आणि ज्वारी, पिकवतात तीळ, भुईमूग, कलिंगड, अंबाडीच्या जातीचं करकदे, म्हणजे आपल्या माणदेशातल्या माणसाला तिथलं शिवार अनोळखी वाटणार नाही.

मुख्य मुद्दा आता, आणि हा नीट वाचा कारण सगळा हिशोब यावरच आहे. डिंक हे झाडाचं फळ नाही आणि चीक पण नाही. झाडाला जखम झाली आणि त्याच वेळी झाड तहानलेलं असलं, उष्णता असली, तर ते सालीखाली डिंक तयार करून जखम बुजवतं. जखम पण पाहिजे आणि ताण पण पाहिजे. जे झाड चांगल्या जमिनीत, भरपूर ओलाव्यात, हिरवंगार उभं आहे ते जखम केली तरी डिंक देत नाही किंवा अगदी नावाला देतं. तुम्ही डाळिंबवाले आहात, तुम्हाला हे दुसरं कोणी समजवायला नको, बहार धरायच्या आधी बागेला ताण देता, पाणी तोडता, पानगळ करता, मगच झाड फुलावर येतं, ताण बसला नाही तर नुसती पालवी निघते, हशाबचं तंतोतंत तसंच आहे, फक्त इथे फुलाऐवजी डिंक येतो आणि ताण निसर्ग देतो. त्यामुळे जो माणूस डिंकासाठी ड्रिप लावायला सांगतो त्याने हे झाड डिंकाच्या हंगामात कधी बघितलेलं नाही, असं मी बिनधास्त म्हणेन. पहिल्या वर्षी-दोन वर्षी रोप जगवायला पाणी दिलंत तर हरकत नाही, त्यानंतर नळी काढून घ्यायची.

सुदानमध्ये काम कसं चालतं ते सांगतो म्हणजे मजुरीचा अंदाज येईल. पाऊस संपला, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पानं पिवळी पडून गळायला लागली की टॅपिंग सुरू. ही वेळ पकडणं हेच कौशल्य, पानं पूर्ण हिरवी असताना जखम केली तर फुकट जाते, फार उशीर केला तर झाड सुकून बसलेलं असतं. पूर्वी कुऱ्हाडीने करायचे, त्याने लाकडाला घाव बसायचा आणि फांद्या मरायच्या, आता सुंकी नावाचं हत्यार वापरतात, लांब लाकडी दांडा आणि टोकाला लोखंडी पातं, त्याने सालीत टोक घालून दोनेक बोटं रुंद आणि वीत-दीड वीत लांब सालीची पट्टी ओढून काढतात. आतल्या लाकडाला धक्का लागता कामा नये. एका झाडाच्या दोन-चार फांद्या, पुढच्या वर्षी दुसऱ्या फांद्या किंवा त्याच फांदीची उलटी बाजू. मग थांबायचं. चार ते सहा आठवड्यांनी जखमेवर डिंकाचे गोळे जमतात, लिंबाएवढे कधी त्याहून मोठे, ते हाताने तोडायचे, आणि मग दर दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच झाडांवरून फेरी, फेब्रुवारी-मार्चपर्यंत. दर फेरीला प्रत्येक काटेरी झाडात हात घालायचा आहे हे लक्षात घ्या. जमिनीवर पडलेला गोळा उचलायचा नाही असं चांगला शेतकरी सांगतो, वाळू चिकटली की ग्रेड गेली. आणि पोत्यात प्लॅस्टिक नको, ओलसर डिंक आत घाम धरतो, चिकटून ढेप होते, बुरशीचा वास येतो.

एका झाडाला मिळतं किती? इथे एजंटचं २ किलो ठेवा बाजूला. मोठ्या संख्येची सरासरी धरली तर वर्षाला झाडामागे साधारण पाव किलो. एखादं झाड किलो-दोन किलो देतं, नाही असं नाही, त्याच्याच शेजारचं झाड काहीच देत नाही, आणि याचं कारण काही बियाण्यात आहे, काही जमिनीत, काही त्या वर्षीच्या पावसात. ब्रोशरमध्ये त्या एका झाडाचा फोटो असतो. आता तुमचा हिशोब करा. ५ बाय ५ मीटरवर लावलं तर एकरी १६० झाडं बसतात, पाव किलोने ४० किलो डिंक, तोही झाड चार-पाच वर्षांचं झाल्यावर, तिसऱ्या वर्षी नाही. चाळीस किलोला आजचा घाऊक भाव लावा (किराणा दुकानातला नाही, व्यापारी शेतकऱ्याला देतो तो) आणि त्यातून सहा-सात फेऱ्यांची मजुरी वजा करा. कोर्डोफानमध्ये हे जमतं कारण घरातलीच माणसं करतात, त्या महिन्यांत शेतात दुसरं काम नसतं आणि जमिनीला दुसरा उपयोग नसतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत मजूर ऊसतोडीला किंवा द्राक्षाला गेलेला असतो.

झाडं दाट लावली तर? लोक विचारतात म्हणून सांगतो, दाट लावून एकरी संख्या वाढते पण फांद्या एकमेकांत घुसतात आणि त्या काट्यांत माणूस जाऊच शकत नाही.

आपल्या हवामानाचा अजून एक त्रास आहे आणि तो मला सगळ्यात जास्त खटकतो. डिंक पाण्यात पूर्ण विरघळतो. गोळा झाडावर असताना पाऊस आला की तो धुऊन जातो, राहतं ते काळपट चिकट थर. सुदानमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाऊस नसतोच म्हणून तिथे हा धंदा उभा राहिला. तुमच्याकडे परतीचा पाऊस ऑक्टोबरभर चालतो, नोव्हेंबरमध्ये अवकाळी येतो, गारपीटही होते, मग डिसेंबर-जानेवारीत थंडी, आणि थंडीत डिंक कमी सुटतो, सुदानमध्येही ज्या वर्षी हिवाळा कडक त्या वर्षी माल कमी असा अनुभव आहे. माझ्या मते तुमच्याकडे फेब्रुवारी ते एप्रिल एवढाच काळ हातात राहतो.

इथे कोणीतरी काझरीचं नाव काढेल म्हणून ते पण सांगतो. जोधपूरच्या काझरी संस्थेने, म्हणजे केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने, कुमटवर एक पद्धत बसवली आहे, खोडाला खाली गिरमिटाने भोक पाडायचं, त्यात इथेफॉनचं ठरलेलं द्रावण सिरिंजने सोडायचं, भोक बंद करायचं, मग डिंक सुटतो. इथेफॉन म्हणजे तुम्ही डाळिंबाच्या पानगळीला मारता तेच, इथ्रेल नावाने दुकानात मिळतं. पद्धत खरी आहे, राजस्थानात शेतकऱ्यांना तिचा फायदा झालाय, जिथे कुमट आधीपासूनच बांधावर उभा आहे तिथे तर जरूर करावी. पण दोन गोष्टी. डोस वाढवला की झाड वाळतं, आणि 'अजून थोडं घातलं तर अजून डिंक' हा मोह प्रत्येकाला होतो. दुसरं म्हणजे खाण्याच्या मालाला निर्यातीचा खरेदीदार रेसिड्यू रिपोर्ट (मालात औषधाचा अंश किती राहिला त्याचा) मागतो, तो खर्च तुमचा. करायचं असेल तर काझरीकडूनच तयार द्रावण आणि माहिती घ्या, घरी अंदाजाने मिसळू नका.

आता बायबॅकबद्दल, म्हणजे माल आम्हीच उचलू याबद्दल. हा बाजार कसा आहे ते कळलं तर त्या आश्वासनाची किंमत कळेल. युद्धाआधी जगात विकल्या जाणाऱ्या या डिंकातला ७० ते ८० टक्के एकट्या सुदानचा होता, आणि त्याची मोठी मंडी अल उबेद, उत्तर कोर्डोफानची राजधानी, जिथे लिलाव होतात. १९६९ मध्ये सुदानमध्ये सरकारच्या पुढाकाराने कंपनी निघाली आणि कच्च्या डिंकाच्या निर्यातीची मक्तेदारी तिच्याकडे गेली, ती २००९ पर्यंत राहिली. शेतकऱ्याला मिळणारा भाव इतका पडायचा की लोक हशाब तोडून कोळसा करून विकायचे. त्यात शैल नावाची उचल, म्हणजे पावसाळ्यात घरात दाणा नसताना व्यापाऱ्याने पैसे द्यायचे आणि हंगामात डिंक त्याने ठरवलेल्या भावाने घ्यायचा. ज्या माणसाने काट्यात हात घालून गोळा काढला त्याच्या हातात सगळ्यात कमी पडतं, हे मी तिथे डोळ्यांनी बघितलंय आणि मला ते अजून सहन होत नाही.

भावाचं म्हणाल तर १९७२-७३ च्या दुष्काळात आणि परत १९८२ ते ८४ मध्ये झाडं मेली, माल घटला, भाव आकाशाला भिडले, आणि झालं काय, की मोठ्या खरेदीदारांनी मॉडिफाईड स्टार्च शोधला आणि त्यातले बरेच परत आलेच नाहीत. म्हणजे भाव चढला की गिऱ्हाईक पर्याय शोधतं. जिथे पर्याय नाही तिथे मात्र ते काहीही करून डिंक मिळवतं, १९९७ मध्ये अमेरिकेने सुदानवर व्यापारबंदी घातली तेव्हा डिंकाला सूट ठेवली गेली कारण कोल्ड्रिंक आणि औषध कंपन्या अडल्या असत्या. १५ एप्रिल २०२३ ला सुदानमध्ये युद्ध सुरू झालं, अल उबेदला वेढा पडला, तेव्हापासून माल शेजारच्या देशांतून चोरट्या वाटेने बाहेर येतो आणि कागदावर उगम वेगळाच असतो. आज एजंट 'सुदान बंद पडलंय, आता तुमचाच चान्स' म्हणतो ते यावरून. पण सुदान थांबलं तर चाड, नायजेरिया, सेनेगल आहेत, त्यांची झाडं आज उभी आहेत, तुमची पाच वर्षांनी येणार.

कोल्ड्रिंकला हाच डिंक का लागतो हे माहीत असलं की क्वालिटी म्हणजे काय ते समजतं. संत्र्या-लिंबाचं सुगंधी तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगून बाटलीच्या मानेला रिंग धरतं. हशाबच्या डिंकात साखरेच्या मोठ्या साखळ्यांना प्रथिन जोडलेला एक भाग असतो, एकूण डिंकाच्या दहाव्या हिश्श्याएवढा, तो तेलाच्या बारीक थेंबाभोवती बसतो आणि थेंब एकमेकांना चिकटू देत नाही. शिवाय हा डिंक पाण्यात अर्ध्याला अर्धा विरघळवला तरी ओतता येतो, दुसरे बहुतेक डिंक एवढ्यात घट्ट गोळा होतील. तल्ह्याचा डिंक हे काम तितकं चांगलं करत नाही म्हणून तो स्वस्त, आणि म्हणून भेसळही त्याचीच. लॅबमध्ये ते पकडणं सोपं आहे, पोलरीमीटरमध्ये हशाबचं द्रावण प्रकाश डावीकडे वळवतं, साधारण उणे २६ ते उणे ३४ अंश, आणि तल्ह्याचं उजवीकडे, आकडा अधिकमध्ये येतो. मिसळलेल्या मालाचा आकडा मध्येच कुठेतरी लटकतो. म्हणजे तुमचा माल घेणारा माणूस खरा असेल तर तो तुमच्याशी ऑप्टिकल रोटेशन (हाच प्रकाश वळवण्याचा आकडा), ओलावा, राख, काडीकचरा यावर बोलेल. रोपांच्या संख्येवरच बोलत असेल तर त्याचा धंदा रोपांचा आहे.

किराण्यातल्या डिंकाबद्दल पण विचारलंय की लाडूला हा चालतो का. चालतो, छान चालतो. खडा १२-१५ टक्के ओलावा धरून असतो, गरम तुपात त्या ओलाव्याची वाफ होते आणि खडा फुलतो, म्हणून तूप बेताचं गरम आणि डिंक थोडा-थोडा टाकायचा, मोठा खडा असेल तर आधी फोडून घ्यायचा नाहीतर आत कडक राहतो आणि बाळंतिणीच्या दाताखाली येतो. आपल्याकडे पारंपरिक लाडूला बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक वापरतात, आता दुकानात आफ्रिकेचा मालही भरपूर येतो आणि पाकिटावर फक्त डिंक लिहिलेलं असतं. ओळखायचं तर एक खडा रात्री वाटीभर पाण्यात टाका. हशाबचा सकाळी पूर्ण विरघळलेला असेल, तळाला फक्त सालीचा कचरा. धावड्याचा पूर्ण विरघळत नाही, थोडा बुळबुळीत भाग राहतो. फुगून जेलीसारखा ढीग झाला तर तो कतीरा, तो सरबताचा, लाडवाचा नाही.

एवढं सगळं सांगून पण मी हे झाड लावूच नका असं म्हणत नाहीये, आणि इथे मला मनापासून बोलायचंय. कोर्डोफानमधली जुनी पद्धत अशी की चार-पाच वर्षं बाजरी-तीळ घ्यायचे, जमीन थकली की तिथे हशाब वाढू द्यायचा, पंधरा-वीस वर्षं त्याचा डिंक घ्यायचा, मग झाडं म्हातारी झाली की तोडून पुन्हा पीक. शेंगवर्गातलं झाड, मुळांवर गाठी, हवेतला नत्र जमिनीत आणतं, पाला पडतो, वाळू थांबते, शेळ्या-उंट पाला आणि शेंगा खातात. म्हणजे डिंक हा त्या पद्धतीतला रोख पैसा आहे पण सगळा फायदा नाही. लोकसंख्या वाढली, पडीक ठेवायची वर्षं कमी झाली आणि जमीन बिघडली, हे तिथले शेतकरी स्वतः सांगतात. तुमच्या माळाला हेच पाहिजे. पण मग त्यासाठी फक्त कुमटच कशाला, आपला हिवर आहे, खैर आहे, बाभूळ आहे, त्यांना तुमची हवा माहीत आहे. नुसतं कुंपण पाहिजे असेल तर सागरगोटा किंवा चिल्हार लावा, त्यातून कुत्रंही येत नाही.

कुमट लावायचाच असेल तर असं करा. बी यावर्षीचंच ताजं घ्या, रात्रभर पाण्यात भिजवा, लांब पिशवीत टाका कारण सोटमूळ पटकन खाली जातं, छोट्या पिशवीत ते वळतं आणि झाड पुढे कायम रखडतं. मे महिन्यात खड्डे, पहिल्या चांगल्या पावसाला लागण, पाणी साचेल अशा काळ्या जमिनीत नको, मुरमाच्या उतारावर चालेल. बांधावर पाच-पाच मीटरवर पन्नास झाडं पुरेत. पहिली दोन वर्षं शेळ्यांपासून जपा, हेच सगळ्यात अवघड काम आहे. आतल्या जमिनीत तुम्ही मटकी, हुलगा, तीळ, बाजरी जे घेता ते घेत रहा. पाचव्या वर्षी जानेवारीच्या शेवटी, पानं पिवळी पडायला लागली की दहा झाडांवर दोन-दोन पट्ट्या काढून बघा, कुठलं झाड किती देतं ते वजन करून वहीत लिहा, जी झाडं सलग दोन-तीन वर्षं चांगली देतील त्यांचंच बी पुढे धरा.

आणि एजंटला पैसे द्यायच्या आधी चार गोष्टी मागा. पाच वर्षांपेक्षा जुनी, महाराष्ट्रात लावलेली बाग जिथे जाऊन तुम्ही हंगामात डिंक झाडावर बघू शकाल. त्या शेतकऱ्याच्या विक्रीच्या पावत्या. बायबॅकच्या करारात किमान भाव आणि तो न दिल्यास काय, हे स्टॅम्पपेपरवर. आणि एक रोप फुकट, काटे मोजायला.